सतराव्या पानावरचा मासा

"जिना चढताना छाई आजींचं दार वाजव गं. दोन दिवस झाले, इकडे फिरकल्या नाहीत," दुकानाच्या मालकीण ल्याओ मावशी श्वानरूला म्हणाल्या.

"लेकाकडे गेल्या असतील हो मावशी. ह्याला खोकला झालाय, आधी घर गाठते," पाठीशी बांधलेल्या बाळाला थोपटत श्वानरू म्हणाली. मला पिशवीत टाकून ती निघाली.

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, एका लांबलचक मालिकेचा पाचवा भाग. ताइनान शहरात, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानात माझं आयुष्य गेलं. आले त्याच दिवशी ल्याओ मावशींनी माझ्या पाठीत तीन पिना ठोकल्या, अंगावर प्लास्टिक चढवलं. "शंभर हातांत जायचंय बाई तुला," म्हणाल्या. माझ्या पोटात हेच शहर आहे, पण शंभर वर्षांपूर्वीचं. साखरेच्या वखारी, हातरिक्षा, आणि हरवलेले जीव शोधत गल्लोगल्ली फिरणारा नगरदेवाचा कारकून.

दुकानातल्या म्हाताऱ्या वाचकांची एक रीत होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा नेऊ नये, म्हणून ज्याची त्याची एखाद्या पानावर गुपचूप खूण असे. छाई आजींची खूण सतराव्या पानावर, पेन्सिलीनं काढलेला इवलासा मासा. नवा भाग आला की पहिला मान त्यांचा. श्वानरूच्या हाती पडेपर्यंत त्यात मासा आलेला असायचाच. आजी तिच्याच इमारतीत, दोन मजले खाली एकट्या राहत. जिन्यात भेटल्या की चिडवायच्या, "काय गं, सांगून टाकू शेवट?"

"आजी, सांगाल तर बघा हं!" कान झाकून ही वर पळायची.

त्या दुपारी बाळ निजलं आणि तिनं मला उघडलं. सतरावं पान कोरं! ती एकटीच हसली. "या वेळी मी पहिली!" चार भिंतींत असं सुख तिला फार दिवसांनी मिळालं होतं. भाताची पेज करपली, तरी तिनं मला खाली ठेवलं नाही. माझं इतकं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. खरं सांगते, मीही फुलून गेले होते.

तिसऱ्या दिवशी ती मला परत करायला निघाली. "आजी, आता शेवट मी सांगते!" म्हणत तिनं त्यांचं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. घरमालकानं कुलूप तोडलं तेव्हा आजी न्हाणीघरात पडलेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, "काल सकाळपर्यंत जीव होता."

श्वानरूनं सहावा भाग कधीच नेला नाही. मलाही मग फारसं कुणी नेईना. पिना गंजल्या, प्लास्टिक पिवळं पडलं.

मित्रांनो, पुस्तकं जपा, असं मी सांगायला हवं. पण माझी पाठ सुटली तर पुन्हा शिवता येते. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, आणि हल्ली दिसलं नसेल, तर आत्ता मला मिटा. जाऊन त्यांना हाक मारा. ओ आली, की खुशाल वाचत बसा.

ओ आली नाही, तर मात्र परत फिरू नका.