नाकावरचं शिंग

ओर्पाला मिळणार होतं ते एवढंच: दूर जावा बेटावरच्या एका संग्रहालयाच्या भिंतीवर तिने घडवलेला डायनासोर आणि खाली तिचं नाव. बक्षीस नाही, पैसा नाही. पण आमच्या घरात मार्थेन सोडून कुणाचं नाव कुठे लागत नाही, तेव्हा पोरीच्या हिशेबाने हे फार होतं.

मार्थेन माझा नवरा, बोलू गावच्या बाजारातला रेड्यांचा व्यापारी. ओर्पा त्याच्या भावाची मुलगी. दवाखान्यात कामाला, राहायला आमच्याकडे. संगणकावरच्या प्राणी घडवायच्या खेळात ती पाच आठवडे तीन शिंगांचा डायनासोर करत होती. त्या खेळात एक पट्टी असते. प्रत्येक अवयवाने ती थोडी भरते. भरली की नवं लावायला जुनं उपटावं लागतं. ओर्पाने ती काठोकाठ भरली होती: कपाळावर दोन शिंगं, नाकावर एक, मानेमागे हाडाची रुंद झालर.

संग्रहालयाला डायनासोर पाठवायच्या शेवटच्या दिवशी ती कामावर गेली आणि तिच्या उघड्या संगणकासमोर मार्थेन बसला. सोबत बाजारातले दोघे.

“नाकावर शिंग? फुकट दिलं तरी कुणी दावणीला बांधणार नाही.”

“आणि मानेमागे हे सूप कशाला? भात पाखडतो का?”

मार्थेनने नाकावरचं शिंग उपटलं, झालर उपटली. वाचलेल्या पट्टीत कपाळावरची शिंगं दोन्हीकडे ऐसपैस पसरवली, अंगावर पांढरे ठिपके टाकले, डोळे निळे केले; आमच्या बाजारात सगळ्यात महाग रेडा असाच असतो. मग मित्रांसमोर ऐटीत ‘पाठवा’ दाबलं. एका नावावर एकच जनावर, ते गेलं. मी कॉफी ओतत होते. सगळं बघत होते.

ओर्पा पाचला आली.

“अम्बे,” ती काकाला म्हणाली, “हे काय केलंत?”

“सुधारलं. बाजारात उभा कर, किंमत ऐकून चक्कर येईल.”

“हा रेडा आहे!”

“मग? रेड्यात वाईट काय?”

“त्यांनी डायनासोर मागितला होता! दुसऱ्याच्या रेड्याची शिंगं कापली असतीत, तर बाजाराने सोडलं असतं तुम्हाला?”

“अगं, खेळच तर आहे.”

“खेळच होता, तर मित्रांना कशाला दाखवत होतात?”

मार्थेनने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीकडे.

मुदत आठपर्यंत होती. जुनी प्रत तिच्याकडे होती, पण नवीन नाव नोंदवायला दुसरा फोन हवा, आणि घरात दुसरा फोन मार्थेनचाच. फोन ज्याचा, नाव त्याचं. ओठ चावत तिने जुनी प्रत त्याच्या नावावर पाठवली.

रेडा परत आला: हा डायनासोर नाही. तीन शिंगांचा भिंतीवर चढला. खाली मार्थेन सांपे.

मार्थेन बाजारभर फोटो दाखवत फिरला. “नाकावर शिंग कसं रे?” मित्राने विचारलं.

“त्याला अभ्यास लागतो,” म्हणाला.

ओर्पा त्याच आठवड्यात दवाखान्याच्या खोलीवर राहायला गेली.

मार्थेनला भिंत मिळाली, मित्रांना गप्पा. मी गप्प बसले, मला एक रिकामी खोली. पाच आठवडे गेले ते ओर्पाचे, आणि तिच्या नावावर जमा आहे एक ठिपक्यांचा रेडा.