तिसऱ्या पट्टीची खाच

सासूबाई आमच्या लिंबूला घेऊन प्रयोगशाळेखालच्या बागेत बसायच्या. लिंबू म्हणजे माझी सात महिन्यांची लेक. तिला भूक लागली की सासूबाई फोन करायच्या आणि मी हातातलं काम टाकून दोन जिने उतरायचे. रजेवरून परतल्यापासून माझं संशोधन असं दोन पाजण्यांच्या मधल्या फटीत चाललं होतं.

त्या दिवशी घाई होती. मोजणीचं यंत्र उद्यापासून तीन महिने दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं आणि माझी ग्राफीनची तिसरी पट्टी राहिली होती. ग्राफीन म्हणजे कार्बनचा पापुद्रा, जाडीला जेमतेम एक अणू. त्यातून रेडिओच्या लहरींच्या वेगाने उलटसुलट होणारी वीज सोडायची आणि पट्टी तिला किती अडवते ते बघायचं. पहिल्या दोन पट्ट्यांच्या आलेखात एकाच जागी सुरेख खाच आली होती. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी लेखाचा मसुदा तिच्यावरच बेतला होता, तोही माझं नाव पहिलं घालून. तिसरीने दुजोरा दिला की लेख रवाना.

सकाळी यंत्राचं शून्य लावलं, म्हणजे केबल कुठे संपते आणि पट्टी कुठे सुरू होते हे त्याला शिकवलं. भिंगातून बघत केबलच्या टोकाच्या दोन्ही सुया पट्टीवर टेकवल्या. फोन आला नव्हता, लिंबू झोपली असावी. मी लगेच मोजून घेतलं.

रेष सपाट. खाच नाहीच!

पट्टी फाटली की काय? भिंगातून पाहिलं, तर अखंड होती. तेवढ्यात फोन.

"अगं ये लवकर, माझी बोटं चोखून चोखून सुरकुतवलीत हिने!"

लिंबू छातीशी येताच माझा पदर मुठीत धरून डोळे मिटून घेते. त्या मुठीकडे बघत बसले.

"तोंड का उतरलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"रेषेत खाच येत नाहीये, आई."

"बरंच की! खाच पडलेलं भांडं मी तर दुकानदाराला परत नेऊन देते."

हसतच वर आले. सुया टेकवल्या, पुन्हा मोजलं. खाच हजर! मी खुर्चीतच टुणकन उडाले. आणि मग हळूहळू खाली बसले. तीच पट्टी, त्याच सुया. अर्ध्या तासात बदललं काय?

केबल. जाताना मी सुया उचलून ती भिंतीवरच्या हुकात अडकवली होती, कुणाच्या पायात यायला नको म्हणून. रजेआधी मी जागची हलायचेच नाही. आता मात्र शून्य लावायचं, फोन यायचा, केबल हुकावर जायची, आणि मोजणी परतल्यावर. केबल वाकली की शून्य बिघडतं. हूक तोच, वाक तोच, म्हणून खाचही तीच.

खात्रीसाठी शून्य नव्याने लावलं. रेष सपाट. केबल हुकाला अडकवून काढली. खाच.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हवा तो आलेख माझ्या हातात होता. मी दोन्ही छापले आणि मॅडमच्या टेबलावर ठेवले.

सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे महिनाभर आपण एका हुकाचं कौतुक करत होतो?"

"हो, मॅडम."

"शाबास आपली!" त्या कपाळाला हात लावून हसायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं तेव्हा थांबल्या. "वेडी का तू? सपाट म्हणजे किती सपाट?"

"दहा गिगाहर्ट्झपर्यंत हलत नाही."

"मग तेच छापू. अँटेना करणाऱ्याला लहरी पट्टी नकोच असते. लेख बारीक होईल, पण ताठ मानेने पाठवता येईल. नाव तुझंच पहिलं. आता जुन्या दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा मोज. आणि सासूबाईंना वर बोलाव, शेजारची खोली रिकामीच आहे."

संध्याकाळपर्यंत तिन्ही पट्ट्या झाल्या. दर खेपेला लिंबूला पाजून यायचं आणि मगच शून्य लावायचं. शेवटी तिन्ही आलेख एकाच पडद्यावर चढवले. सासूबाई तिला कडेवर घेऊन दारातून डोकावल्या.

"तीन म्हणालीस ना? मला तर एकच रेघ दिसतेय."

"तेच तर, आई!"