शेषेराव ग्रुपमधून बाहेर पडले

आमच्या ग्रुपचं नाव 'सध्या काय ऐकताय'. नांदेड, मुखेड, निलंगा असे इकडचे तिकडचे गाणंवेडे त्यात आहेत आणि ॲडमिन मी, कावेरीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. नियम दोनच. स्वतः सध्या जे ऐकताय तेच पाठवायचं, आणि दुसऱ्याने पाठवलेलं ऐकल्याशिवाय त्यावर काही लिहायचं नाही. सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवतो म्हणून मी सख्ख्या दिराला ग्रुपमधून काढलं. जाऊबाई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलू देत.

मी फार कडक आहे असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तसं काही नाही. न आवडलेलं मी 'आवडलं' म्हणत नाही, एवढंच. शाळेतही 'छान' हा शब्द मी जपूनच वापरायचे.

या ग्रुपचा जीव म्हणजे शेषेराव. मुखेडजवळच्या खेड्यात त्यांची शेती आहे. तुरीच्या रानात बांधावर एक निळा स्पीकर ठेवून हा माणूस दिवसभर ऐकत राहायचा आणि संध्याकाळी आम्हाला दोन ओळी लिहायचा. कधी कुठल्या गावच्या भजनी मंडळाचं भजन, कधी सारंगी, कधी कव्वाली, कधी कानडी मुलुखातलं काहीतरी, ज्यातला एक शब्द त्यांना कळत नसे. पण काय ऐकावं आणि कुठे कान द्यावा हे ते असं लिहीत की मी हातातली भाजी तशीच ठेवून ऐकायला बसत असे. बायको, कस्तुराबाई, गेल्यापासून तर गाणं हाच त्यांचा आधार होता. "घरात आवाज पाहिजे बाई," ते मला एकदा फोनवर म्हणाले होते, "न्हाईतर घर खायला उठतंय."

आणि हे शेषेराव एक दिवस, कोणाला काही न सांगता, ग्रुपमधून बाहेर पडले.

मी तेव्हा भाचीच्या लग्नासाठी लातूरला होते. लग्नघरात फोन हातात धरायला सवड कुणाला असते? नांदेडला परत आल्यावर पाहिलं तर शेषेरावांचं नाव नाही. फोन लावला तर सुनेने उचलला. ती म्हणाली, "मामा फोनवर येईनात, म्याडम. कुणाशी बोलायचंच न्हाई म्हणतेत." मला रागच आला. सोडायचा तर सोडा, पण सांगून सोडा की. दुसऱ्या दिवशी मी मुखेडची बस धरली. खरं सांगायचं तर मी भांडायलाच निघाले होते.

शेषेराव ओसरीवर बाजेवर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठले, "बसा बाई" म्हणाले, आणि परत खाली बघत बसले. सून, बबिता, पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "स्पीकर पण शेजारच्या व्यंकटीला देऊन टाकलाय. कामून ते सांगेनात."

"शेषेराव," मी म्हटलं, "मी एवढ्या लांबून आलेय. कोण काय बोललं तुम्हाला?"

"कोन न्हाई."

"मग?"

त्यांनी बाजेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "बाई, माझं गाणं गेलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दिवाळीनंतर त्यांना आधी टाळांची किणकिण ऐकू येईना. मग पाखरं. मग बासरी वर गेली की मधूनच नाहीशी व्हायला लागली. माणसांचं बोलणं, गाडीचा हॉर्न, बैलाचं हंबरणं, सगळं येत होतं, म्हणून घरात कोणाला कळलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वय झालं, चालायचंच, असं स्वतःला समजावत ते ऐकत राहिले. आणि मग विनोदने ग्रुपवर सनई टाकली.

हा विनोद म्हणजे आमचा नांदेडचा रेल्वे ऑफिसातला पोरगा. घरातल्या जुन्या कॅसेटी फोनमध्ये उतरवून घ्यायचा त्याला नाद आहे. त्याच्या मामाच्या लग्नात वाजलेली सनई त्याने पाठवली होती.

"सनई माझी लई आवडीची," शेषेराव म्हणाले. "लावली. आवाज पूर्ण वाढवला. कानाला लावून बसलो. काहीच न्हाई, बाई. एक सूर न्हाई. म्हणलं फोन बिघडला आसंल. मग खाली बघितलं तर सगळ्यांनी लिवलेलं. वा. वा वा. त्या निलंग्याच्या गुंडप्पानं तर लिवलं, शेवटी शेवटी डोळ्यांत पाणी आलं म्हणून. तवा कळलं, सगळ्यांना येऊन राहिलंय, मलाच न्हाई."

"दुसरं काही लावून पाहिलंत?"

त्यांनी मान हलवली. "हिंमत न्हाई झाली. ते बी न्हाई आलं तर?"

 भांडण मी केव्हाच विसरले होते. हा माणूस कस्तुराबाईंनंतर गाण्याच्या आधाराने उभा होता, आणि आता तेही गेलं असं धरून मुकाट बसून राहिला होता. मी माझा फोन काढला. ती सनई मी अजून ऐकलीच नव्हती. म्हटलं, निदान काय गेलं ते तरी बघू. ती लावली आणि फोन कानाला धरला.

काहीच नाही. आवाज वाढवला. पडद्यावरची रेघ आपली पुढे सरकत होती आणि आतून साधी खरखरसुद्धा येत नव्हती. मी बबिताच्या कानाला फोन लावला. तिनेही मान हलवली.

"शेषेराव, यात आवाजच नाही," मी म्हटलं. "विनोदने वायर नीट लावली नसेल. रिकामंच भरलंय हे."

ते कसनुसं हसले. "मला बरं वाटावं म्हणून म्हणून राहिलाव."

"मी आजवर कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोललेय का?"

शेषेरावांनी त्यावर अगदी मनापासून विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "तसं तर कधीच न्हाई."

तरी त्यांची खात्री पटेना. मग मी त्यांच्यासमोर गुंडप्पाला फोन लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला.

"गुंडप्पा, विनोदची सनई ऐकलीत का?"

"हाव बाई. लई भारी."

"शेवटी काय आहे हो त्यात?"

"शेवटी... शेवटी तर काय इचारूच नका."

"आवाजच नाही त्यात, गुंडप्पा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

 मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू का बाई, उसाच्या गाडीमागं पळून राहिलो व्हतो. सगळ्यांनी वा लिवलेलं दिसलं. म्हणलं आपण न्हाई लिवलं तर पोराला वाईट वाटंल."

बाजेवर शेषेरावांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते. एका पोराला वाईट वाटू नये म्हणून एवढ्या सगळ्यांनी न वाजलेली सनई वाखाणली होती, आणि तिकडे त्यांच्यातल्याच एका माणसाने कायमचं गाणं सोडलं होतं. मला हसूही आलं आणि संतापही आला. संताप मी बसच्या प्रवासासाठी राखून ठेवला.

"आता काहीतरी खरं लावू," मी म्हटलं.

 हसू आवरून ते दोन्ही हातांनी बाजेची कड धरून बसले. शेवटी म्हणाले, "सारंगी लावा. तबला आसंल त्यात."

मी लावली आणि फोन त्यांच्याजवळ धरला. बबिता दारातच थांबली. शेषेरावांनी डोळे मिटले होते. बऱ्याच वेळाने त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली.

"ठेका येतोय," ते म्हणाले. "सारंगी पण येतीय. खालची येतीय. वर गेली की जातीय."

"ती आहे तिथेच," मी म्हटलं. "आत्ता वर आहे. अजून वर गेली. थांबा, आता उतरतेय."

"हां," ते म्हणाले. "आली."

असं आम्ही ते सगळं ऐकलं. त्यांना न येणारं मी सांगत होते, येणारं ते मला सांगत होते. संपल्यावर मी त्यांना स्पष्ट बजावलं की कान कमी झालेत, त्यात काही खोटं नाही, आणि पुढच्या आठवड्यात नांदेडला डॉक्टरकडे यायचं आहे. त्यांनी नाही म्हणून बघितलं. मी शाळेत वापरायचे त्या नजरेने बघितलं, आणि बबिता म्हणाली, मी आणते त्यांना.

परतीच्या बसमध्ये मी ग्रुपवर जे लिहिलं ते इथे देत नाही. दोघांनी फोन बंद करून ठेवले, विनोद तर घरी येऊन माफी मागून गेला. पण त्यानंतर ग्रुपचं वळण बदललं. शेषेरावांना मी परत घेतलं होतं, आणि त्यांच्या कानाचं यंत्र तयार होऊन येईपर्यंत सगळे त्यांच्यासाठी लिहायला लागले. बासरी कुठे येते, कुठे थांबते, पुढे काय घडतं. असं लिहायचं तर ऐकावंच लागतं. विनोदने तर एका भजनाची अशी वाट लिहून दिली की मी त्याला चक्क 'छान' म्हटलं.

यंत्र आलं. शेषेराव पहिल्या दिवशी कावले होते, भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो म्हणाले. मी म्हटलं, होईल सवय. वाट बघत राहिले.

मग गुंडप्पाने त्याच्या गावच्या सप्ताहात स्वतः म्हटलेलं भजन पाठवलं. निलंग्याकडे गुंडप्पाच्या गळ्याला मान आहे, आणि त्याला ते चांगलंच ठाऊक आहे. कोणीही घाईने 'वा' लिहिलं नाही. सगळ्यांच्या आधी शेषेरावांचं उत्तर आलं.

'ऐकलं. आवाज गोड आहे. पण दुसऱ्या कडव्यात वर जाताना सूर उतरला.'

मी पुन्हा लावून पाहिलं. खरंच उतरला होता, अगदी केसाएवढा. तेवढ्यात गुंडप्पाचा फोन आला. आता याची समजूत काढावी लागणार म्हणून मी खुर्ची ओढून बसले.

"बाई, वाचलं का?" त्याचा आवाज कापत होता. "उतरला म्हणून लिवलंय त्यानं. वरचा सूर, बाई. वरचा आयकू आला त्याला."