विहिरीत ओतलेला टँकर

आमची थोरली लेक जमिनीखालच्या पाण्याची मास्तरीण. पाणी कुठं मुरतं, कुठून वाहतं, हे कॉलेजात शिकवता शिकवता तिचे केस पिकले. नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला ती परसातल्या विहिरीत टेप सोडून पातळी मोजते. मी चौथीतच पाटी फेकली, पण गल्लीत तोरा असा, जणू पदवी मलाच मिळालीय.

यंदा ती निवृत्त होणार. तिनं गावभर खणवलेल्या शोषखड्ड्यांनी विहिरींची पातळी वाढते का, हे तपासायला मोठे साहेब येणार होते. आणि नेमकी आमचीच विहीर तळाला! शेजारीण म्हणाली, "दिव्याखाली अंधार हो." मला झोंबलं. काल थोरली वर्गावर गेल्यावर मी टँकर बोलावला आणि सगळा विहिरीत रिता करवला. लेकीची लाज राखली म्हणून मिशा असत्या तर पीळ भरला असता.

आज साहेब आले, विद्यार्थी आले. थोरलीनं टेप सोडला, वर काढला, ओला भाग पाहिला आणि वहीतल्या मागच्या नोंदीशी ताडला. मग बादलीभर पाणी शेंदून नाकाशी नेलं.

"ही नोंद घेऊ नका," ती म्हणाली. "क्लोरीन मारलेलं पाणी आहे. बाहेरचं."

"कुणी ओतलं?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही, सर." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मग बाई, आधीच्या नोंदींचा तरी काय भरवसा?"

मी पुढं झाले. "अहो, मीच ओतलं. तिला पत्तासुद्धा नाही. आणि हे पहिल्यांदाच!"

साहेब अदबीनं हसले. "आजी, पहिल्यांदाच कशावरून?"

ज्या तोंडानं मी अख्खी गल्ली गार केली, त्याचं इथं काही चालेना. लेकीसाठी आईची साक्ष कोण धरणार?

"सरांचं बरोबर आहे," थोरली विद्यार्थ्यांना म्हणाली. "शंका आली की विहीर वगळायची. घरची असली तरी."

"सगळी वर्षं, मॅडम?" एका मुलीनं विचारलं.

"सगळी."

ती टेप पुसत गुंडाळायला लागली. मी जवळ गेले. "अगं, मला चार शिव्या तरी घाल."

"आई, टेपवर पाय पडतोय," ती म्हणाली. "जरा बाजूला हो."