पाचशे बारा

मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, एक कोपरा उचलला गेलेला, आणि तिच्यावर त्याच्याच अक्षरात – ५१२... धनेशला ती काढवतही नव्हती, बघवतही नव्हती.

जासईच्या या कंटेनर यार्डात गेटपासपासून वजनकाट्यापर्यंत सगळं एका डेटाबेसवर चालायचं, आणि तो डेटाबेस सांभाळायचा धनेश. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी आठला, कुणी आलेलं नसताना, त्याने चौसष्टचे पाचशे बारा केले – एका कामाला सर्व्हरने किती मेमरी द्यावी, तो आकडा – आणि रोज रखडणारा रिपोर्ट असा काही सुटला की स्वारी स्वतःवरच खूश. मूर्खा, एकटा होतास तू! तो आकडा सगळ्यांत मिळून नव्हता, ज्याच्या त्याच्या ताटातला होता... दहा वाजता साठ जण कामाला बसले आणि सर्व्हर आडवा झाला. गेटपास निघेनात. ट्रेलर गावच्या रस्त्यावर एकामागे एक, पार देवळापर्यंत, आणि त्यांच्यामागे अडकलेली रिक्षा, रिक्षात छातीत कळ आलेल्या गुणाबाई – शेजारच्या, लहानपणी त्याला मांडीवर घेऊन सुकटीची चटणी-भाकरी भरवणाऱ्या. पन्नास मिनिटं. दवाखाना आलाच नाही. अहवालात त्याने लिहिलं, 'विजेचा बिघाड'. कुणी उलटून विचारलंही नाही.

आज सकाळी गुणाबाईंचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवेना. नातीचं लग्न थाटात करू, जमीन विकणार नाय – एकेक जण सांगून थकला. मग त्यांचा मुलगा काशिराम हात जोडून पुढे झाला.

"आये, ते गेट कशापायी बंद होतं, ते मी शोधून काढीन. तू जा आता." आणि वळून, "धनेश, तू तिथंच कामाला हायस ना रं? काय झालतं?"

"लाईट गेलती, दादा."

इतकं सहज कसं आलं तोंडातून... शेवटी दर्भाचा कावळा लावला.

दुपारी येऊन त्याने सगळे आकडे नीट लावले. सगळ्यांची सामाईक मेमरी – कॅशे – वाढवली, ज्याची त्याची वाटणी कमी केली, आणि या वेळी साठ जण कामावर असताना तपासलं. पलीकडच्या टेबलावरून मोनाली म्हणाली, "आज काय मस्त चाललीय रे सिस्टिम!" त्याला तिचा रागच आला.

त्या सोमवारची नोंद समोर उघडी होती. वेळ आठ वाजून चार मिनिटं, जुना आकडा, नवा आकडा, त्याचं नाव. दहाव्या दिवशी संध्याकाळी सहाला अशा नोंदी आपोआप पुसल्या जायच्या; ही सोयही त्यानेच केलेली. ठेवायची असेल तर आत्ताच प्रत काढायला हवी होती. सहाला चार मिनिटं होती.

इतके दिवस घास गिळताना, आंघोळ करताना एकच धाकधूक – ही ओळ कुणीतरी वाचेल. चार मिनिटांनी ती जाईल, मी सुटेन... आणि काशिराम शोधतच राहील, गेटवर, चौकीवर, वीज कचेरीत; दर वेळी घरी येऊन मलाच सांगेल, आणि मी मान डोलवीन. वर्षानुवर्षं. कुणीतरी आत्ता मागे येऊन उभं राहावं, आपल्या खांद्यावरून ती ओळ मोठ्याने वाचावी, असं धनेशला फार वाटलं. पण मागे कुणीच नव्हतं, आणि मोनाली डबा आवरत होती.