दारावरचा बिब्बा

नातीला दृष्ट लागू नये म्हणून आमच्या रुपाबाईने दाराला बिब्ब्यांची माळ बांधायचं ठरवलं, आणि सुजलं तिचंच तोंड. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. चाळीस वर्षं संसार केला, पण इतका राग आणि इतकं हसू मला एकदम कधी आलं नव्हतं.

आमची लेक निता पुण्याहून दहा दिवसांनी येणार होती. तिची रुचू दोन वर्षांची. तीन महिन्यांची असताना आमच्या रिठद गावाहून गेली ती पुन्हा आलीच नाही. आजी-नातीची ओळख काय ती मोबाइलवर. रोज संध्याकाळी रुचू तिकडे काचेवर ओठ टेकवायची आणि इकडे रुपाबाई मोबाइल गालाला लावून बसायची.

तर या बाईने दाभणाने बिब्बे टोचले. तेल हाताला लागलं, त्याच हाताने तिने घाम पुसला. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. गाल लालभडक, वर बारीक फोड, डोळ्यांच्या नुसत्या फटी. माळ मी खड्ड्यात पुरली. पण संध्याकाळी फोन आला, आणि रुचूने एकदा पाहून भोकाड पसरलं. "ही आजी नाही!"

रुपाबाईने फोन माझ्या हातात दिला. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "इथं आली अन् माह्याजवळ नाही आली तं?"

शेजारच्या अमीनाबी ट्यूब घेऊन आल्या. "भाभी, हे लावा. आमच्या मोईनचं गजकर्ण चार दिवसात साफ झालं." रुपाबाईने भाकरीला लोणी लावावं तशी ती तोंडाला फासली. सकाळी लाली निम्मी उतरलेली पाहून बाई हरखली. मला मात्र त्या ट्यूबचा भरवसा वाटेना. ट्यूबसकट तिला रिसोडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी ट्यूब वाचली आणि कपाळाला हात लावला. "मावशी, यात जोरदार स्टिरॉइड आहे. तोंडाची कातडी नाजूक. ती पातळ पडते, सवय लागते, अन् ट्यूब सोडली की तोंड पुन्हा भडकतं. मी सौम्य स्टिरॉइडची देते. एका वेळी तुरीच्या दाण्याएवढी, पातळ. दिवसातून दोनदा, डोळ्यांपासून लांब. सात दिवसांनी बंद. डाग राहिला तरी बंद, तो आपोआप जातो."

"स्टिरॉइड? ते तं पैलवान घेतेत," मी म्हणालो. "उद्या मले उचलून आपटीन हे!"

"ते वेगळं, काका. पण आपटलंच, तर मलाही सांगा!"

घरी येऊन रुपाबाईने खरोखर तुरीचा एक दाणा वाटीत ठेवला. दोन्ही वेळा त्याच्याशी ताडून ट्यूब पिळायची. मी हसलो की वाटी पदराखाली लपवायची. सातव्या दिवशी तोंड पहिल्यासारखं झालं. फक्त डाव्या गालावर एक काळा डाग उरला.

निता दुसऱ्या दिवशी येणार होती. संध्याकाळी पाहतो तर बाई आरशासमोर, हातात अमीनाबींची ट्यूब, झाकण उघडं.

"एकच डाव लावतो. डाग पाहून पोरगी भ्याली तं?"

"लाव!" मी ओरडलो. "मंग जलमभर लावत बस!"

तिने वाटीतल्या तुरीच्या दाण्याकडे पाहिलं. मग तिने झाकण लावलं, उठली आणि कुंपणावरून हाक मारली. "अमीनाबी, हे तुमची ट्यूब. कोणालेच तोंडाले लावू देऊ नोका!" तेव्हा माझी बायको मला फार आवडली.

सकाळी ऑटो दारात थांबला. रुपाबाई डाव्या गालावर पदर ओढून उभी. रुचू उतरली, आजीकडे टकमक पाहत राहिली. घेण्यासाठी रुपाबाई वाकली आणि पदर घसरला.

नितानं निघताना लेकीच्या गालावर काजळाची तीट लावली होती. रुचूने आपल्या तिटेला बोट लावलं, मग आजीच्या डागाला.

"आजीला पण तीट!"

आणि काचेवर टेकवायची तसेच ओठ तिने त्या डागावर टेकवले. रुपाबाई हसत हसत रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात!

डाग आता फिका पडत चाललाय. रुपाबाई रोज आरशात पाहते आणि कुरकुरते, "हा कायले जाऊन राह्यला?"