‘फाटक’ कोणी वाजवलं?

तुम्ही चोर आहात. खिसेकापू असतात तर एक वेळ सोडून दिलं असतं. त्या बिचाऱ्याला निदान पकडलं जायची धास्ती असते. तुम्ही मात्र वरच्या मजल्यावर, गार खोलीत, पाण्याच्या बाटल्या मांडून चोरी करता आणि ज्याचं नेलं त्यालाच पुष्पगुच्छ पाठवता. गाण्यांची कंपनी म्हणे! तुमच्यापेक्षा कोपऱ्यावरचा न्हावी बरा. तो कात्री लावायच्या आधी विचारतो तरी, किती ठेवू?

ज्याचं नेलंत त्याला सगळे घाईराव म्हणतात. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्याच्या. दिवसभर त्याच्या तोंडी एकच जप असतो. ‘हळू. आरसा बघा. हळू. अहो ताई, तो खांब बाजूला होणार नाहीये, तुम्हालाच वळायचंय.’ असा हा माणूस एकेकाळी ड्रम वाजवायचा. चौघांचा रॉक बँड होता. केस खांद्यापर्यंत, अक्कल गुडघ्यापर्यंत. त्यांनी एकच अल्बम काढला, ‘लोखंडी नाश्ता’. या नावाचा अर्थ काय, असं आज विचारलं तर चौघंही खिडकीबाहेर बघायला लागतात.

अल्बम रेकॉर्ड झाला एका बंद पडलेल्या बेकरीत. प्रत्येकाचं वेगळं वाजवून मागाहून जोडायची चैन नव्हती. चौघं भट्टीसमोर उभे राहिले आणि एका दमात वाजवून मोकळे झाले. शेवटचं गाणं होतं ‘फाटक’. त्याच्या शेवटच्या कडव्यात ड्रम दावं तोडून सुटतात. गायक मागून धावतो, त्याचा श्वास मधेच तुटतो, गिटारवाल्याच्या हातातून एक सूर सांडतो आणि चौघं धापा टाकत शेवटच्या ठोक्यावर येऊन आदळतात. तेव्हाच्या एका पेपरात छापून आलं, ‘ड्रमवाल्याला बहुधा शेवटची बस गाठायची होती.’ झालं! घाईराव हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याने मात्र तीसेक वर्षं हार मानली नाही. लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकड्यावर, विषय निघाला की हा उसळायचाच. ‘मी पळालो नाही. मी तालातच होतो. बाकीचे रेंगाळले.’

‘हो ना,’ त्याची बायको म्हणायची. ‘सगळं जग रेंगाळतंय, तुम्ही तेवढे वेळेवर.’

बायकोचं शिवणाचं दुकान आहे आणि तिच्या जिभेला सुईसारखंच टोक आहे.

एका रविवारी सकाळी तुमचं खोकं घरी आलं. आत जाडजूड नवी रेकॉर्ड, वर ‘नव्याने उजळलेला’ अशी सोनेरी पट्टी आणि गुळगुळीत फोटोंचं पुस्तक. गायक शिंकायच्या बेतात असतानाचा एक फोटो होता, त्याखाली ‘चिंतनात’ असं छापलेलं. घाईरावने खोकं तीनदा पुसलं. मुलीने आपला रेकॉर्ड प्लेअर बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. तो तिने कपाटावर शोभतो म्हणून घेतला होता. गाणं त्याच्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच लागत होतं. बायको इस्त्री करत होती. ती म्हणाली, ‘लावा एकदाचं. तुमची बस चुकायला नको.’

एकेक गाणं झालं. आवाज असा लख्ख की गिटारची तार कानाशी हलतेय असं वाटावं. घाईराव फुगत चालला होता. मग ‘फाटक’ लागलं. शेवटचं कडवं जवळ आलं तशी त्याची मान पुढे गेली आणि उजवा पाय आपोआप जमिनीत रुतला, शिकाऊ माणूस चौकात शिरताना त्याचा ब्रेकवर रुततो तसा.

काही झालं नाही. गाणं शहाण्या मुलासारखं रस्त्याच्या कडेकडेने चालत गेलं आणि शेवटच्या ठोक्यावर जाऊन पायपुसण्याला पाय पुसून उभं राहिलं.

‘अगंबाई,’ बायकोने इस्त्री उभी केली. ‘अहो, आज पळाला नाहीत?’

‘बाबा, कसलं परफेक्ट वाजवलंय तुम्ही!’ मुलगी म्हणाली. ‘आणि लोक उगीच तुम्हाला...’

घाईराव माळ्यावर चढला आणि आपली जुनी रेकॉर्ड घेऊन खाली आला. कितीतरी वर्षांत ती कोणी लावली नव्हती. चरे पडलेले, कड वाकलेली. सुई खरखरत, अडखळत कशीबशी ‘फाटक’पर्यंत पोचली. शेवटचं कडवं आलं आणि तो पळाला.

अगदी ठार पळाला. आंधळ्यालाही दिसेल इतका पळाला. बायकोने हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. कारण त्या पळण्याने गायकाच्या गळ्यातून जो आवाज फुटला होता, तो माणसाचा आवाज होता. कुणीतरी खरंच बंद होत चाललेल्या फाटकाकडे धावत होतं. त्यापुढे नवी रेकॉर्ड म्हणजे फाटकावर बसवलेला सरकारी बोर्ड.

‘पळालो की गं मी,’ घाईराव म्हणाला.

‘ते मी लग्नापासून सांगतेय,’ बायको म्हणाली. पण चिडवायला नाही. ‘पुन्हा लावा बघू.’

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. आयुष्यात ह्या माणसाने सगळं दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलं. नोकरी वडिलांच्या, लग्न मावशीच्या, चष्मा डॉक्टरच्या. एकदाच तो पुढे निघाला आणि तीन माणसं जिवाच्या आकांताने त्याच्यामागे आली. त्याच्या नावावर जमा असलेली गोष्ट हीच, आणि ती तुम्ही डाग म्हणून धुतलीत.

त्याने गायकाला फोन लावला. गायक आता गाद्यांचं दुकान चालवतो आणि कंबर धरूनच बोलतो.

‘ऐकलंस?’

‘ऐकलं की! मस्त झालंय. माझा तो तुटलेला श्वाससुद्धा शिवून दिलाय त्यांनी.’

‘ते वाजवणारा मी नाही.’

‘आता हे काय नवीन?’

‘अरे, मी पळालो होतो. मी. पळालो. होतो.’

मग गायक असा हसला की त्याला कंबर आठवली. ‘शिंच्या, तीस वर्षं तू आमचं डोकं खाल्लंस, मी पळालो नाही, मी पळालो नाही. आता कंपनीपण लेखी म्हणतेय की तू पळाला नाहीस. जिंकलास ना? मग गप बस की!’

‘मला हे असं नाही जिंकायचं.’

‘हे बघ, त्यांनी कार्यक्रम ठेवलाय. सगळे मिळून अल्बम ऐकणार, आपल्याला पुढे बसवणार. त्यानंतर बाहेरगावी बोलावणी येतील. मी आयुष्यभर गाद्या थोपटत बसू का? आयत्या जेवणात माती कालवू नकोस.’

घाईराव जुनी रेकॉर्ड काखेत मारून तुमच्या कचेरीत आला. आठवतंय? तुमच्या आवाज साफ करणाऱ्या पोराने त्याला मोठ्या आदराने खुर्ची दिली. पडद्यावर निळे ठोकळे दाखवले, कवायतीला उभे केल्यासारखे एका रांगेत.

‘हे तुमचे ड्रम, काका. आधी फार विस्कटलेले होते.’

‘हे मी कधी वाजवले?’

‘म्हणजे तुमचेच आहेत! पहिल्या गाण्यातला एक ठोका फार सुंदर होता. तोच उचलला आणि सगळीकडे लावला.’

‘म्हणजे मी एक ठोका मारला आणि तुम्ही त्याला जन्मभर वेठीला धरलंत?’

पोरगं हसलं. त्याला वाटलं, काका विनोदी आहेत.

मग मॅनेजरबाई आल्या. त्यांचं बोलणं लिफ्टमधल्या संगीतासारखं, कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं ते कळत नाही. घाईरावने जुनी रेकॉर्ड पुढे केली. त्यांनी ती दोन बोटांनी धरली. ‘ही वाकलीय हो. वाकली की वेग मागेपुढे होतो. तुम्हाला पळाल्यासारखं वाटत असेल.’

‘वाटत नाही. मी पळालोय.’

‘लोकांना आता चुका ऐकवत नाहीत, सर.’

‘मग लोक घरी एकमेकांशी बोलतात कसे?’

बाई दुखावल्या. ‘कमाल आहे तुमची! तीस वर्षांची तुमची बदनामी आम्ही पुसली आणि तुम्ही भांडायला आलात? तुमच्या जागी दुसरा कोणी आभार मानायला आला असता.’

‘जुनं गाणं पुन्हा बाहेर काढा. नवं असू दे त्याच्या शेजारी. लोक ठरवतील.’

‘जुनं सगळीकडून काढून घेतलंय. दोन-दोन असली की गोंधळ होतो. आता हेच खरं.’

‘आणि टेप? बेकरीतली?’

‘ती कपाटात अगदी सुरक्षित आहे,’ बाई म्हणाल्या. पोराला माती खाताना पकडल्यावर आई ज्या मायेने त्याचं तोंड दाबते, त्याच मायेने. ‘कार्यक्रमाला नक्की या. दोन शब्द बोला. तुमच्या शिस्तीबद्दल.’

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पन्नाशीची माणसं विशीतले काळे शर्ट घालून आली होती. शर्टांवरच्या कवट्या पोटामुळे हसऱ्या झालेल्या. एकेकाळी ज्यांनी ‘व्यवस्था मोडा’ म्हणून आरोळ्या ठोकल्या, ते आता खुर्चीला उशी नाही म्हणून कुरकुरत होते. दिवे मंद झाले. सगळ्यांनी डोळे मिटले, म्हणजे निम्मे खरोखरच झोपले. गायक पहिल्या रांगेत रंगवलेल्या केसांनी बसला होता, आणि त्याच्याशेजारी घाईराव. बँडमधले बाकीचे दोघे आले नव्हते. मागे बायको नि मुलगी.

‘फाटक’ लागलं, शिस्तीत चाललं, शिस्तीत संपलं. टाळ्या पडल्या. मॅनेजरबाई मंचावर आल्या. ‘ज्यांना आपण इतकी वर्षं घाईराव म्हणून चिडवलं, त्यांनी बाविशीत किती संयमाने वाजवलंय ते आज आपण ऐकलंत. सर, हा संयम कुठून आणलात?’

माइक हातात आला. गायक दातांत पुटपुटला, ‘धन्यवाद म्हण आणि खाली बस. तुला माझी शपथ.’

घाईराव उठला. ‘हे मी वाजवलेलं नाही,’ तो म्हणाला. ‘मी पळालो होतो. ज्यांनी तेव्हा ऐकलंय त्यांना ठाऊक आहे.’

लोक हसले. मागून एकजण ओरडला, ‘आता कशाला लाजता!’ दुसरा म्हणाला, ‘अहो, तेव्हा आमचे टेपरेकॉर्डरच खराब होते!’ तुमची सोनेरी पट्टी बघून त्यांनी स्वतःचे कान खोटे ठरवले होते.

‘थांबा,’ घाईराव म्हणाला. ‘वाजवूनच दाखवतो.’

माइक ठेवून तो मंचावर चढला. टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि दोन्ही हातांनी ‘फाटक’चं शेवटचं कडवं टेबलावर धरलं. बायको उभी राहिली. गायक शपथ विसरला आणि पुढे झुकला. तुटायच्या तयारीने त्याने श्वाससुद्धा भरून घेतला. सुटायची जागा आली.

घाईराव सुटला नाही.

हातांना ते कळेना. ती जागा सरळ गेली. त्याने पुन्हा मागून सुरू केलं, दात आवळून, खांदे पुढे लोटून. पुन्हा सरळ. इतकी वर्षं चौकाचौकांत लोकांना हळू, हळू म्हणताना त्याने तो ब्रेक आपल्या मनगटांत कधी बसवून घेतला, त्यालाही कळलं नव्हतं. एकेक ठोका रांगेत पडत होता, तुमच्या निळ्या ठोकळ्यांसारखा.

‘बघा!’ मागून आवाज आला. ‘हुबेहूब रेकॉर्डसारखं!’

सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. शिट्ट्या पडल्या. मॅनेजरबाई तर गहिवरल्या. टाळ्या न वाजवणारी तीनच माणसं होती. बायको, मुलगी, आणि आश्चर्य म्हणजे गायक. भरून घेतलेला श्वास छातीत तसाच धरून तो बसला होता आणि घाईरावकडे बघत होता, घर जळालेल्या माणसाकडे बघावं तसा.

‘मला नाही जमत आता,’ घाईराव माइक घेऊन म्हणाला. टाळ्या थांबेनात म्हणून तो ओरडला, ‘ऐका! मला आता पळता येत नाही!’

टाळ्या विस्कळीत झाल्या आणि थांबल्या.

‘जमत असतं तर मी इथे भीक मागायला आलोच नसतो. घरी बसून वाजवलं असतं. पण ते मला एकदाच आलं. बेकरीत, त्या दिवशी. ते माझ्या हातांत उरलेलं नाही. ते फक्त तुमच्या कपाटात आहे.’ तो मॅनेजरबाईंकडे वळला. ‘चूक म्हणा, खोड म्हणा, माझी काय थट्टा करायची ती करा. ऐकून करा. कपाट कधी उघडताय?’

‘सर, आपण हे नंतर निवांत बोलू या,’ बाई हसून म्हणाल्या. ‘वेळ कमी आहे. प्रेक्षकांतून पुढचा प्रश्न?’

एकही हात वर झाला नाही. मग पहिल्या रांगेतून गायक उठला. एक हात कमरेवर, दुसरा वर. बाईंचा जीव भांड्यात पडला.

‘हं, सर, विचारा!’

‘माझा प्रश्न तोच आहे, जो त्याचा आहे,’ गायक म्हणाला. ‘माझा श्वास पण त्याच कपाटात आहे. कधी उघडताय?’

बाईंनी घड्याळ पाहिलं. आवाजवाल्या पोराने खाली मान घातली. कुणीतरी दिवे लावले.

तुम्ही वरच्या मजल्यावरचे त्या संध्याकाळी तिथे नव्हतात. म्हणून इथे लिहून विचारतो, दोघांच्या वतीने, त्यांची नावं-पत्ते तुमच्याकडे आहेतच. ते कपाट कधी उघडताय? उद्या, परवा, की आम्ही सगळे मेल्यावर? उत्तर द्या.